वाचक विचारतात: माणसाला नक्की काय लागतं?

मागच्या अंकात एरिक फ्रॉमवर जेमतेम एक पान लिहिलं होतं. जर्मनीतला ज्यू मनोविश्लेषक, जन्म १९०० चा, फ्रँकफर्टचा, फ्रॉइडच्या शाळेत तयार झाला आणि मग म्हणाला की माणूस नुसता वासनांच्या दाबावर चालत नाही, माणूस म्हणून जगायच्या त्याच्या काही वेगळ्याच गरजा आहेत, यालाच तो मानवतावादी मनोविश्लेषण म्हणतो, बास, साधारण एवढंच. त्यावर इतके मेल आणि व्हॉट्सॲप आले की हा अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. नावं नेहमीप्रमाणे काढलीत. पत्रं थोडी कापलीत, रागावू नका, एक तर अकरा पानी होतं आणि त्यातली चार पानं शेजाऱ्यांबद्दल होती.

मॅडम, मी टीवायला आहे, सायकॉलॉजी स्पेशल. सरांनी फ्रॉम एका लेक्चरमध्ये उरकला, पाच गरजांची नावं फळ्यावर लिहिली आणि म्हणाले पाठ करा, चार मार्काला येतं. मॅस्लोचा पिरॅमिड मला समजतो पण फ्रॉमच्या गरजा डोक्यात राहतच नाहीत, कुठली कशाच्या वर आणि कशाच्या खाली हेच कळत नाही. आणि मानवतावादी मनोविश्लेषण म्हणजे "फ्रॉइड अधिक माणुसकी" असं लिहिलं तर चालेल का? – विद्यार्थिनी, सांगली

चालेल, पण चारातला एकच मार्क मिळेल.

अगं, वर-खाली कळत नाही कारण तिथे वर-खाली नाहीच. मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा जिना आहे, आधी पोट भरायचं मग सुरक्षितता मग प्रेम असं एकेक पायरी चढत जायचं. फ्रॉमच्या गरजा सगळ्या एकदम दारात उभ्या असतात, पोट भरलेलं असो नाहीतर रिकामं. आणि मुख्य गंमत ही की प्रत्येकीला उत्तर द्यावंच लागतं, चांगलं सुचलं नाही तर वाईट दिलं जातं, पण पेपर कोरा ठेवता येत नाही. एवढं एक वाक्य डोक्यात ठेवलंस ना तर बाकीचं पाठ करायची गरज नाही.

आता हे गरजांचं प्रकरण त्याने काढलं कुठून ते बघ. मांजराला मांजर कसं व्हायचं हा प्रश्न पडत नाही, ते जन्मतःच ठरलेलं. माणसाच्या अंगात ती उपजत प्रवृत्ती कमजोर झाली आणि तिच्या जागी आली जाणीव, म्हणजे आपण आहोत हे कळणं, आणि एक दिवस आपण नसणार हेही कळणं. निसर्गाचाच भाग, पण निसर्गात धड मावत नाही असा हा प्राणी. फ्रॉम बायबलमधली ॲडम-ईव्हची गोष्ट अशीच वाचतो, देवाने मनाई केलेलं ते फळ खाणं त्याच्या मते पाप वगैरे नव्हतं, तिथून माणसाचा इतिहास सुरू झाला, पण त्याचबरोबर एकटेपणही सुरू झालं आणि बागेचं दार मागे बंद झालं. परत जाता येत नाही म्हटल्यावर काहीतरी करून पुढेच जायला पाहिजे, आणि त्या पुढे जाण्यातूनच या गरजा येतात. १९५५ च्या 'द सेन सोसायटी'मध्ये त्या पाचही नीट मांडल्यात.

पहिली म्हणजे कोणाशी तरी जोडलेलं असणं. हे प्रेमाने होतं, पण कोणाच्या तरी पायाशी लोळण घेऊनही होतं आणि कोणाला तरी मुठीत ठेवूनही होतं. मारणारा नवरा आणि "पण त्यांचं माझ्याशिवाय पान हलत नाही" म्हणणारी बायको, दोघंही एकाच गरजेचं वाईट उत्तर देतायत, आणि सोडवत दोघांनाही नाही. दुसरी गरज तुमच्या नोट्समध्ये काहीतरी भयंकर जड शब्दात असेल, 'अतिक्रमण' की 'अतीतता' असलं काहीतरी. साधा अर्थ असा की मला न विचारता मला इथे टाकलं गेलंय, आणि मी नुसतं पत्त्यातलं एक पान आहे हे मला सहन होत नाही, मला काहीतरी घडवायचंय. पोळी करणं, रोप लावणं, पोर वाढवणं, कविता, स्कूटर दुरुस्त करणं, काहीही. पण घडवता आलं नाही तर? तर मोडणं, कारण मोडूनही माणूस आयुष्याच्या वरचढ होतोच की. बसस्टॉपची काच फोडणाऱ्या पोराकडे या नजरेने एकदा बघ. फ्रॉमसाठी हे बारीकसारीक नव्हतं बरं का, पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो चौदा वर्षांचा होता, आणि शेजारपाजारची चांगली माणसं द्वेषाने वेडी झालेली त्याने बघितली होती. आयुष्यभर तो याच प्रश्नाला चिकटून राहिला, १९७३ मध्ये माणसाच्या विध्वंसक वृत्तीवर जाडजूड पुस्तक लिहिलं तेही याचसाठी.

तिसरी मुळांची. आईचा पदर सुटला की कुठेतरी रुजायला पाहिजे, तर माणूस एक तर जगात नवीन मुळं धरतो, नाहीतर परत पदराखालीच शिरतो, आणि तो पदर कधी जातीचा असतो कधी देशाचा. चौथी ओळख, मी म्हणजे कोण, याबद्दल खाली दोन पत्रं आहेत ती वाच. पाचवी म्हणजे जगाचा काहीतरी नकाशा, आणि ज्याच्यासाठी सकाळी उठावं असं काहीतरी. नकाशा चुकीचा असला तरी माणसाला चालतो, पण नकाशाच नसलेला चालत नाही.

आणि फ्रॉइड अधिक माणुसकी का नाही? फ्रॉइड म्हणतो आतून कामप्रेरणेचा दाब आहे, तो ज्या वाटेने वाहतो तसा स्वभाव बनतो. फ्रॉम म्हणतो स्वभाव बनतो तो माणूस जगाशी आणि माणसांशी नातं कसं जोडतो त्यावरून. फ्रॉइडचा गुदावस्थेत, म्हणजे शी-शू शिकायच्या वयात, अडकलेला कंजूष माणूस आणि फ्रॉमचा साठेबाज माणूस शेजारी उभे केले तर ओळखू येणार नाहीत इतके सारखे दिसतात, फरक सगळा 'का'मध्ये आहे. शिवाय तो स्वभाव एकट्या घरात बनत नाही, समाजाला जशी माणसं लागतात तशी घराघरातून तयार होत असतात. त्याला फ्रॉम सामाजिक स्वभाव म्हणतो. तुझ्या पेपरात हा शब्द घाल, तपासणारे खूश होतात. आणि सरांना म्हणावं फ्रॉम पेशंटला कोचावर आडवं झोपवायचा नाही, समोरासमोर बसायचा, हे पण मानवतावादीच आहे.

ताई, मी ३१ वर्षांची, नाशिक. चार वर्षं स्थळं बघतेय. बायोडेटा अकरा वेळा बदललाय. आधी आवड म्हणून वाचन, ट्रेकिंग होतं, मग मावशी म्हणाली ट्रेकिंग काढ, सासरचे लोक बिचकतात, मग दुसऱ्या साइटसाठी परत टाकलं. 'होमली पण करिअर ओरिएंटेड' असंही लिहिलंय, म्हणजे काय ते मलाही माहीत नाही. परवा एक मुलगा कॉफीला भेटला, त्याने साधं विचारलं की तुला काय आवडतं, आणि मी अक्षरशः ब्लँक. मला आठवेना की ट्रेकिंग मला आवडतं का बायोडेटाला. तुमच्या फ्रॉमकडे यावर काही आहे का?

आहे, आणि इतकं आहे की त्याने तुझा बायोडेटा बघितला होता की काय असं वाटेल.

१९४७ मध्ये त्याचं 'मॅन फॉर हिमसेल्फ' आलं. त्यात त्याने स्वभावाचे प्रकार सांगितलेत. सगळं चांगलं बाहेरून मिळणार म्हणून आ वासून बसलेला, ते दुसऱ्याकडून ओरबाडून घेणारा, आहे ते कुलपात घालणारा साठेबाज, हे तीन जुनेच, आपल्या प्रत्येक गल्लीत सापडतात. चौथा मात्र त्याच्या मते नव्या काळाचा, बाजारू स्वभाव. बाजारू म्हणजे आपण शिवी देतो त्या अर्थाने नव्हे, बाजारावर बेतलेला. हा माणूस स्वतःकडेच माल म्हणून बघतो. मी कसा आहे यापेक्षा माझी मागणी किती हा प्रश्न. फ्रॉम तिथे हँडबॅगचं उदाहरण देतो, हँडबॅग जशी फॅशनमध्ये असावी लागते तसं माणसालाही व्यक्तिमत्त्वाच्या बाजारात फॅशनमध्ये राहावं लागतं, आणि सध्या काय चालतंय ते सतत बघत राहावं लागतं. आणि गंमत ऐक, तो शब्दही 'पॅकेज'च वापरतो! आपल्याकडे मुलाचं पॅकेज किती असं विचारतात तेव्हा पगार विचारतात, त्याच्याकडे पॅकेज म्हणजे हसणं, बोलणं, कॉलेज, घराणं, आवडीनिवडी, सगळं मिळून केलेलं गाठोडं. मला वाटतं आपणही मनातून तेच विचारतो, फक्त आकडा सांगायला सोपा.

आता तू ब्लँक का झालीस. बाकीच्या तीन स्वभावांना निदान स्वतःचा एक रंग असतो, कंजूष माणूस सकाळी कंजूष आणि रात्रीही कंजूष. बाजारू स्वभावाचा रंगच नाही, गिऱ्हाईक बदललं की तो बदलणार, कुठलाच गुण पक्का नसणं हीच त्याची लायकी. इब्सेनच्या नाटकातला पीअर गिंट स्वतःची तुलना कांद्याशी करतो, एकेक पापुद्रा काढत जातो आणि आत गाभाच सापडत नाही, फ्रॉम ते उदाहरण मुद्दाम घेतो. तुझ्या अकरा बायोडेटांचे अकरा पापुद्रे, आणि कॉफीच्या टेबलावर तू बाराव्याची वाट बघत होतीस. पण तुझा कांदा झालाय असं मला वाटत नाही, झाला असता तर तू झटकन "ट्रॅव्हलिंग अँड म्युझिक" म्हणून मोकळी झाली असतीस. तू अडखळलीस ना, ते अडखळणं म्हणजे आत कोणीतरी आहे आणि त्या बाईला खोटं बोलायचा कंटाळा आलाय.

पुढचं त्याने १९५६ च्या 'द आर्ट ऑफ लव्हिंग'मध्ये लिहिलं. लोकांना वाटतं प्रेम करणं सोपं, फक्त योग्य माणूस सापडणं अवघड, म्हणून सगळी मेहनत शोधण्यावर. आणि प्रेमात पडतात तेही बहुतेकदा तेव्हाच, जेव्हा वाटतं की आपल्या किमतीत बाजारात मिळणारा सगळ्यात चांगला माल हाच. कडू आहे, पण आपल्या वधूवर मेळाव्यात एकदा मागच्या रांगेत बसून बघ, शंभर टक्के पटेल. त्याचं म्हणणं उलटं आहे, प्रेम ही येण्याची गोष्ट आहे, सुतारकाम किंवा गाणं येतं तशी, ती शिकावी लागते, आणि तिच्यात चार गोष्टी असतातच: काळजी घेणं, समोरच्याच्या हाकेला ओ देणं, आदर, आणि त्याला ओळखणं. आदर म्हणजे पाया पडणं नाही, लॅटिनमध्ये त्या शब्दाचं मूळ बघणं असं आहे, समोरचं माणूस आहे तसं बघणं, मला हवं तसं नाही. (स्वतः फ्रॉमने तीन लग्नं केली. पहिलं आपल्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठ्या असलेल्या मनोविश्लेषक बाईशी, दुसरी बायको मेक्सिकोत वारली, तिसरं १९५३ ला, ते शेवटपर्यंत टिकलं. प्रेमाचं पुस्तक तिसऱ्या लग्नानंतर तीन वर्षांनी आलं, म्हणजे अभ्यास करून लिहिलंय असं म्हणायला हरकत नाही.)

या सगळ्या स्वभावांसमोर त्याने एक निरोगी स्वभाव ठेवलाय, त्याला तो प्रॉडक्टिव्ह म्हणतो आणि हा शब्द आता एचआरवाल्यांनी पार नासवलाय. त्याला दिवसाला किती टास्क झाले ते म्हणायचं नाहीये, आपल्या आतली ताकद, विचार करायची, माया करायची, हातांनी काम करायची, ती स्वतःची म्हणून वापरता येणं एवढंच. माझा सल्ला म्हणशील तर एका रविवारी एकटीच कुठेतरी चढून ये, रामशेज घे, जवळ आहे, फोटो टाकायचा नाही आणि कोणाला सांगायचंही नाही. आवडलं तर ट्रेकिंग तुझं, नाही आवडलं तर बायोडेटाचं. लग्न जमेल का ते मला माहीत नाही, तो माझा कॉलमच नाही, ज्योतिषाचं पान मागे आहे.

आमच्या सासूबाई श्रीखंडाचे रिकामे डबे, दुधाच्या पिशव्या, मिठाईच्या खोक्यांचे रबर, सगळं साठवतात. माळ्यावर जागा नाही. हा तुमचा साठेबाज स्वभाव का? तुमचं उत्तर त्यांना वाचून दाखवणार आहे. – कोल्हापूर

मग मोठ्याने वाचा. नाही, हा तो नव्हे. टंचाईत संसार केलेल्या बाईने डबा न टाकणं हा शहाणपणा आहे, आणि त्यातल्याच एका डब्यात त्या तुम्हाला लाडू भरून देत असणार. फ्रॉमचा साठेबाज माणसंही साठवतो, आठवणीही साठवतो, मायासुद्धा खर्च झाली तर संपेल म्हणून जपून देतो, त्याच्याभोवती एक तटबंदी असते. तुमच्या सासूबाई डबा मागितल्यावर देतात का? देत असतील तर विषय संपला. दुधाच्या पिशव्यांचं मात्र तुमचं बरोबर आहे, त्या रद्दीवाल्याला द्या.

नमस्कार. सरकारी खात्यातून मागच्या वर्षी निवृत्त झालो. छत्तीस वर्षं वाट बघत होतो की कधी एकदा मोकळा होतो, आता मोकळा झालो तर सकाळी अकरा वाजता घशाशी येतं. फोन वाजत नाही. म्हणून सोसायटीचा सेक्रेटरी झालो, आता पार्किंगवरून रोज कोणाला तरी झापतो. सौ. म्हणतात ऑफिस घरी आणलंत. हे काय होतंय? – डोंबिवली

काका, वहिनींना माझा नमस्कार सांगा, निदान त्यांनी केलंच आहे, मी फक्त पुस्तकाचं नाव सांगते.

१९४१ मध्ये फ्रॉमचं 'एस्केप फ्रॉम फ्रीडम' आलं (हो, फ्रॉमचंच फ्रॉम, आमच्या वर्गात यावर दरवर्षी एक जण हसायचा), तेव्हा तो हिटलरच्या जर्मनीतून निघून अमेरिकेत होता आणि त्याला एकच कोडं पडलेलं की शिकली-सवरलेली माणसं आपणहून आपलं स्वातंत्र्य कोणाच्या तरी हातात कशी काय देतात. त्याचं उत्तर असं की स्वातंत्र्याचे दोन भाग असतात, कशापासून तरी सुटणं आणि कशासाठी तरी मोकळं असणं. पहिला भाग मिळतो, पण दुसरा आपला आपणच उभा करावा लागतो. मधल्या काळात माणूस एकटा पडतो, घाबरतो आणि पळ काढतो. पळायच्या वाटा तीन: कोणाच्या तरी हुकमाखाली जाणं किंवा कोणावर तरी हुकूम चालवणं, ही त्याच्या मते एकच वाट, फक्त दोन टोकं. दुसरी तोडफोड. तिसरी, आणि सगळ्यात जास्त चालणारी, चारचौघांसारखं होऊन जाणं, म्हणजे आपण एकटे आहोत हे कळतच नाही.

तुम्ही पहिली वाट धरलीत. छत्तीस वर्षं कोणीतरी वर होतं आणि कोणीतरी खाली होतं, त्या उतरंडीत तुमची जागा ठरलेली होती, आता तुम्ही पार्किंगमध्ये ती उतरंड पुन्हा रचताय. पुढे १९७६ च्या 'टू हॅव ऑर टू बी'मध्ये तो विचारतो की माझ्याजवळ जे आहे तेच जर मी असेन आणि ते गेलं, तर मग मी कोण? खुर्ची, गाडी, शिपायाने उघडलेलं दार हे तुमच्याजवळ होतं. पण छत्तीस वर्षं फायली बघून एखादा कागद कुठे अडणार हे तुम्हाला आधीच कळत असेल ना, ते काही खुर्चीबरोबर जमा झालं नाही. तुमच्याच बिल्डिंगमध्ये पेन्शनसाठी, वारस नोंदीसाठी, सातबाऱ्यासाठी हेलपाटे घालणारे किती निघतील बघा. सेक्रेटरीपद सोडा असं म्हणत नाही, सोसायटीला दुसरा माणूस मिळायचा नाही. पण अकराची वेळ त्यांच्यासाठी ठेवा. आणि घशाशी येणं महिन्या-दोन महिन्यात कमी झालं नाही, किंवा झोप-भूक गेली, तर डॉक्टरांना दाखवा, आधी ॲसिडिटी आणि हृदय बघून घ्या, फ्रॉम नंतर.

आपल्या ज्ञानोबा-तुकोबांनी जे शतकानुशतकं सांगितलं तेच हा जर्मन माणूस सांगतोय, मग आम्ही परक्या दारात का जायचं? – एक वारकरी वाचक

माउली, तो स्वतःच किती दारं हिंडला ते ऐका. घरचं वातावरण कर्मठ ज्यू. त्याचे पणजोबा तालमूद या ज्यू धर्मग्रंथाचे मोठे पंडित, पोटापाण्यासाठी छोटं दुकान टाकलेलं, आणि गिऱ्हाईक आलं की वाचनात व्यत्यय आला म्हणून वैतागून म्हणायचे की दुसरं दुकान नाही का कुठे! ही गोष्ट फ्रॉमच कौतुकाने सांगायचा. पुढे त्याला बुद्ध भेटला, माइस्टर एकहार्ट हा मध्ययुगातला जर्मन ख्रिस्ती गूढवादी भेटला, मार्क्स भेटला, आणि १९५७ मध्ये मेक्सिकोतल्या क्वेर्नावाकाला त्याने झेन बौद्ध पंथाचे जपानी अभ्यासक डी. टी. सुझुकी यांना बोलावून मनोविश्लेषकांबरोबर आठवडाभर बसवलं. तुकोबांनी लोकांकडून येणं असलेली आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात ना, ते कोणी त्याच्या कानावर घातलं असतं तर 'टू हॅव ऑर टू बी' या पुस्तकात त्याने नक्की एक पान दिलं असतं, असं माझं आपलं मत.

पण तेच सांगतोय हे मात्र मला मान्य नाही. आपले संत माणसाला विचारतात, बाबा रे तुझा लोभ कधी सुटणार. फ्रॉम तेवढ्यावर थांबत नाही, तो कारखान्याला विचारतो, जाहिरातीला विचारतो, की हा लोभ सुटला तर तुमचा धंदा चालेल का? नाही चालणार ना, मग तुम्ही तो सुटू देणार नाही. 'द सेन सोसायटी'च्या सुरुवातीलाच तो युरोप-अमेरिकेतल्या सधन देशांतले आत्महत्यांचे आणि दारूचे आकडे मांडतो आणि विचारतो की सगळं मिळालेल्या या समाजांना आपण शहाणं का म्हणायचं. लाखो लोकांना एकच खोड असली म्हणून ती खोड गुण होत नाही. वेडं एकटं माणूसच होतं असं नाही, अख्खा समाजही होऊ शकतो, आणि त्या समाजात जो छान रुळलाय त्याच्याबद्दलच काळजी करायला पाहिजे, हे म्हणणं मला कीर्तनात तरी अजून ऐकायला मिळालं नाही. मिळालं तर कळवा, मी येईन.

मी फिजिशियन आहे. तुमचा लेख रंजक होता पण यात मोजता येण्यासारखं काय आहे? पाच गरजा का, सहा का नाहीत? ज्योतिषात आणि यात फरक काय?

डॉक्टर, अर्धं तुमचं बरोबर आहे आणि ते आधीच मान्य करून टाकते. सहा का नाहीत याला उत्तर नाही, खुद्द फ्रॉमनेच १९७३ ला यादी वाढवली, माणसाला आपल्या हातून काही घडतंय हे जाणवायला लागतं आणि उत्तेजनही लागतं असं म्हणाला. जीवनावर प्रेम करणारे आणि मेलेल्या, यांत्रिक गोष्टींचं आकर्षण असलेले अशी माणसांची विभागणी तो करतो ती वाचताना अंगावर काटा येतो, पण मोजायला घेतली की हातात काही राहत नाही. आईचं प्रेम बिनशर्त आणि बापाचं अटी घालून, हे त्याचं म्हणणं तर माझ्याच घरात खोटं ठरलंय, आमच्याकडे अटी आई घालायची. समलैंगिकतेबद्दल त्याने लिहिलंय ते आज वाचवत नाही.

पण मोजायचा प्रयत्नच केला नाही असं मात्र नाही, आणि हे लोकांना फारसं माहीत नसतं. १९२९ मध्ये फ्रँकफर्टच्या सामाजिक संशोधन इन्स्टिट्यूटसाठी त्याने हिल्डे व्हाइस यांच्याबरोबर जर्मन कामगारांचा सर्व्हे सुरू केला, तब्बल २७१ प्रश्न, सुमारे ३३०० प्रश्नपत्रिका वाटल्या. बहुतेक जण डाव्या पक्षांचे. राजकीय प्रश्नांना उत्तरं अगदी पक्षाच्या पुस्तिकेतली. पण मध्येच विचारलेलं की मुलांना अजिबात न मारता वाढवता येतं का, घराच्या भिंतीवर कुठली चित्रं आहेत, आणि तिथे वेगळाच माणूस बाहेर यायचा, घरात हुकूम गाजवणारा किंवा कोणाचा तरी हुकूम हवा असलेला. तोंडाने क्रांती आणि स्वभावाने दरबारी. वरून आतून दोन्हीकडे पक्के हुकूमशाहीविरोधी म्हणावेत असे फक्त १५ टक्क्यांच्या आसपास निघाले. म्हणजे हिटलर सत्तेवर यायच्या आधीच तो म्हणत होता की हे कामगार रस्त्यावर उतरून त्याला अडवतील यावर फार विसंबू नका. नंतर इन्स्टिट्यूटलाच देश सोडावा लागला, बरेच कागद हरवले, ५८४ प्रश्नपत्रिका उरल्या, आणि हे सगळं पुस्तक म्हणून छापून यायला १९८० उजाडलं, तो गेला त्याच वर्षी.

दुसरा अभ्यास मेक्सिकोतला, मायकेल मॅकोबीबरोबर, सुमारे ८०० वस्तीचं एक खेडं, पुस्तक आलं १९७० ला. मला हा जास्त आवडतो. तिथे मोठमोठ्या ऊसमळ्यांवर पिढ्यान्पिढ्या गड्यासारखे राबलेले लोक होते, मेक्सिकन क्रांतीनंतर लोकांना जमिनी मिळाल्या. कागदावर सगळे मालक. पण मालक सांगेल तसं करायचं आणि मालक देईल तेवढं घ्यायचं हा स्वभाव अंगात मुरलेला, तो काही जमिनीच्या तुकड्याबरोबर बदलला नाही, त्यातले बरेच जण मागे पडले, दारूत गेले. टिकले कोण तर जपून राहणारे, साठवणारे, आधीपासून स्वतःचं शेत कसणारे. आणि पुढे पैसा-यंत्रं आली तेव्हा फायदा उचलला तो तिसऱ्याच लोकांनी, धडाडीच्या आणि थोड्या ओरबाडणाऱ्या. यातून निघतं ते असं की परिस्थिती बदलली तरी स्वभाव एक-दोन पिढ्या मागून लंगडत येतो, आणि शिवाय कुठला स्वभाव चांगला हे पुस्तकात ठरत नाही, त्या मातीत कुठला चालतो ते बघावं लागतं. आपल्याकडे योजना फसली की लोक आळशी आहेत असं म्हणून मोकळे होणाऱ्यांनी तरी हे वाचायला हवं. आता याला तुम्ही विज्ञान म्हणणार नसाल तर नका म्हणू, पण ज्योतिषी असा वर्षानुवर्षं एका खेड्यामागे लागत नाही हो.

माझा मुलगा सोळा वर्षांचा, अकरावी सायन्स. न विचारता क्लास सोडला. वर तुमच्या लेखातलं "फ्रॉमच्या मते माणसाचा इतिहास आज्ञा मोडण्यापासून सुरू झाला" हे वाक्य कापून फ्रिजवर चिकटवलंय. क्लासचे पैसे भरून झालेत. आता तुम्हीच सांगा. – लातूर

अरे देवा. फ्रिजवरचं कात्रण राहू द्या, पण त्याच्या शेजारी हेही लावा: फ्रॉमने अधिकाराचे दोन प्रकार सांगितलेत. एक मालक आणि गुलामाचा, त्यात मालकाचं भलं गुलामाला पिळण्यात असतं, म्हणून दोघांतलं अंतर जितकं वाढेल तितकं मालकाला बरं. दुसरा शिक्षक आणि विद्यार्थ्याचा, विद्यार्थी शिकला की अंतर कमी होणार आणि शेवटी हा अधिकार आपोआप विरघळून जाणार, तेच त्याचं यश. पहिल्याची आज्ञा मोडणं वेगळं आणि दुसऱ्याची मोडणं वेगळं, आणि प्रत्येक गोष्टीला नुसतं नाही म्हणणारा माणूस फ्रॉमच्या लेखी स्वतंत्र नाही, तो बंडखोरीचं पॅकेज घालून फिरतोय.

हे झालं मुलासाठी. तुमच्या पत्रात फी किती, हप्ते किती, क्लासचा रिझल्ट काय, मेहुण्याचा मुलगा कुठे लागला, सगळं आहे. त्याने क्लास का सोडला ते मात्र कुठेच नाही. विचारलंत का त्याला?